मिडलिंग

मेम्फिसच्या फ्रंट स्ट्रीटवर, तिसऱ्या मजल्यावर,
कापसाची प्रत ठरवायची एक खोली होती.
छताच्या काचा उत्तरेकडे तोंड केलेल्या,
कारण उत्तरेचा उजेड कुणाची बाजू घेत नाही,
असं हॅथकॉकसाहेब म्हणायचे.
टेबलं काळी. कापूस पांढरा.
टेबलाशी उभे राहणारेही पांढरे.
नमुन्यांच्या गुंडाळ्या खांद्यावरून वर आणणारा
माझा बाप, इझेल क्रचर.
एकतीस वर्षं. पायऱ्यांना सुमार नव्हता.

चिमूटभर कापूस दोन्ही अंगठ्यांत धरून ताणायचा,
तंतू केवढा ते बघायचं,
मग रंग, मग पानांचा चुरा, सरकीची साल,
आणि मग शब्द.
वरच्या पायरीवर गुड मिडलिंग.
पार तळाला गुड ऑर्डिनरी.
"चांगला हा शब्द वरही असतो नि खालीही,
त्याचा काही भरवसा नाही," बाप म्हणायचा.
मधोमध नुसतं मिडलिंग.
पुढे स्ट्रिक्ट नाही, लो नाही,
बोडक्या डोक्यानं उभं.
बाजारात भाव फुटायचा तो त्याचा;
बाकीचे त्याच्यापासून इतके वर, इतके खाली.

रस्त्यात कुणी विचारावं, काय इझेल, कसं काय?
"मिडलिंग."
भाडं थकलं, मिडलिंग.
माझा धाकटा भाऊ जन्मला, मिडलिंग.
आईनं पीचचा पाय ओव्हनमधून काढला,
पहिला घास घेऊन बाप डोळे मिटून म्हणाला, मिडलिंग.
आई चार दिवस त्याच्याशी बोलली नाही.

एका नोव्हेंबरात आठवडाभर आभाळ भरलेलं.
साहेब एकाच नमुन्यावर अडले,
काचेखाली नेला, परत आणला, पुन्हा ताणला.
बाप खाली सांडलेला कापूस झाडत होता.
झाडू न थांबवता म्हणाला, "स्ट्रिक्ट लो."
साहेबांनी मान वर केली नाही.
लिहिलं मात्र तेच.
ही गोष्ट त्यानं आम्हाला एकदाच सांगितली,
बुटाची नाडी सोडता सोडता.

सातवीत मी प्रगतिपुस्तक घेऊन आले.
बाईंनी लिहिलं होतं: सर्वसाधारण.
मी रडले. त्यानं कागद खिडकीशी नेला,
आधी या बाजूनं पाहिला, मग त्या बाजूनं.
"यात रडण्यासारखं काय आहे?
सगळे तुझ्यापासून मोजतायत."
मला ते तेव्हाही पटलं नाही.
आजही पुरतं पटलेलं नाही.
ज्याच्यापासून मोजतात
त्याला कुणी टेबलाशी का बोलावलं नाही,
हे विचारायचं राहून गेलं.

पुढे यंत्र आलं. त्याला उत्तर दिशा लागत नाही.
फ्रंट स्ट्रीटवरच्या त्या खोलीत आता फ्लॅट आहेत,
काचांखाली कुणीतरी कुंड्या ठेवल्यात.

हॉस्पिटलात नर्सनं विचारलं,
दहापैकी किती दुखतंय?
"मिडलिंग."
तिनं माझ्याकडे पाहिलं. वय असेल तेवीस-चोवीस.
"म्हणजे पाच का?"
मी काही म्हटलं नाही. तिनं पाच लिहिलं.

सुई काढल्यावर दंडावर ठेवलेला बोळा
त्यानं हळूच उचलला,
दोन्ही अंगठ्यांत धरून ताणला.
अंगठे थरथरत होते, तंतू नव्हते.
मी विचारलं, काय मग? कुठली प्रत?
त्यानं खिडकीकडे पाहिलं.
खिडकी पश्चिमेची. ऊन पिवळं, तिरपं, गादीवर आलेलं.
"या उजेडात नको," म्हणाला,
"बरा उजेड आला की सांगतो."
आणि बोळा माझ्या तळहातावर ठेवला.